एल्फिन्स्टन हे आडनाव मुळात आलं कुठून?

आजीचा_पास

नमस्कार मंडळी,

मी परळच्या एका छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली. रोज सकाळी गोरेगावहून धीमी गाडी, एल्फिन्स्टन रोडला उतरायचं, पूल ओलांडून पूर्वेला यायचं. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. निवृत्त झाले तेव्हा शेवटचा पास टाकून द्यायला जीव झाला नाही. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे.

सध्या सहा महिने मुलाकडे आले आहे, एडिंबरोच्या जवळ मसलबरो नावाचं गाव आहे तिथे. नातू नऊ वर्षांचा. त्याच्या वर्गात सगळ्यांना एकेक आडनाव शोधायला सांगितलंय: स्कॉटलंडमधलं एखादं कमी ऐकू येणारं आडनाव घ्यायचं आणि ते कुठून आलं ते लिहून आणायचं. बाकीच्या मुलांनी आपापल्या आजोळची नावं घेतली. हा माझ्या पर्सशी खेळत होता, त्याला पास सापडला, आणि म्हणाला, "आजी, मी तुझ्या स्टेशनचं नाव घेतो."

मला वाटलं, हे काही त्यांच्या कामाचं नाही. पण मागच्या रविवारी सूनबाईने गाडी काढली, ट्रॅनेंटच्या पुढे दोन मैल गेलो आणि रस्त्याच्या कडेला पाटी दिसली: एल्फिन्स्टन. मी तिला गाडी थांबवायला सांगितली. पाटीजवळ उभी राहिले. सव्वीस वर्षं गाडीतल्या घोषणेत ऐकलेलं नाव शेतांच्या मधोमध, वाऱ्यात, एका छोट्या गावाचं नाव म्हणून उभं होतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

तर जाणकारांना विचारायचं आहे. गावावरून माणसाचं नाव की माणसावरून गावाचं? शेवटी जो 'स्टोन' दिसतो तो दगड का? आमच्या स्टेशनवाले एल्फिन्स्टन आणि कॉलेजवाले एल्फिन्स्टन एकच का? आणि ही मंडळी आता आहेत का कुठे? नातवाच्या शाळेत या आडनावाचं एकही मूल नाही.

सोप्या शब्दांत सांगा, मला त्याला समजावून द्यायचं आहे.

---

साचेखाते

ताई, माझे वडील एल्फिन्स्टन मिलमध्ये साचेखात्यात होते, त्यामुळे हे नाव आमच्याही घरातलं. स्टेशनचं नाव २०१८ साली प्रभादेवी झालं, पण आई अजून 'एल्फिस्टन'च म्हणते, मधला 'न' खाऊन.

माझी समजूत अशी की पेशवाई बुडवणारा जो एल्फिन्स्टन साहेब, त्याचंच नाव सगळीकडे. आणि 'स्टोन' म्हणजे दगडच असणार, एखाद्या प्रसिद्ध शिळेवरून पडलेलं. चुकत असेन तर सांगा.

---

डॉनकाठचा

ताई, मी ॲबर्डीनला एकोणीस वर्षं आहे, बंदरावर नोकरी. इथे या आडनावापासून सुटका नाही, का ते पुढे सांगतो. सुट्टीच्या दिवशी जुनी दानपत्रं आणि घराण्यांच्या वंशावळी वाचायचा नाद आहे, म्हणून जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी दगड बाजूला करू. या नावात दगड नाही. तुम्ही पाहिलेलं गाव आधीचं, आडनाव नंतरचं. जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे वाडी, कुंपणातली वस्ती. 'एल्फिन' हे माणसाचं नाव, मूळचं 'एल्फवाइन'. एल्फ म्हणजे तिकडच्या लोककथांतली न दिसणारी जमात, आपल्या यक्षांसारखी. एल्फवाइन म्हणजे यक्षांचा मित्र. त्या एल्फिनची वाडी ती एल्फिन-स-टून. मधला 'स' हा आपला 'चा-ची' आहे. तो 'टून'ला चिकटला, पुढे कारकुनांनी शेवटी एक मुका 'ई' लावला, आणि बघणाऱ्याला 'स्टोन' दिसायला लागला. जॉन्स्टोन या आडनावाचंही हेच झालंय, ती जॉनची वाडी. हे जॉन्स्टोन लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहेत.

नातू विचारेल की स्कॉटलंडमध्ये इंग्रजी नाव कसं. तो भाग, म्हणजे लोदियन, कित्येक शतकं नॉर्थंब्रिया या अँग्लियन, म्हणजे जुनी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या, राज्यात होता. स्कॉटलंडच्या राजाकडे तो पक्का आला अकराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्यामुळे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात गेलिक आणि 'मॅक' लावलेली नावं, आणि तुमच्या बाजूला सगळ्या वाड्या. शेजारचं ऑर्मिस्टन ही ऑर्मची वाडी. ऑर्म हे नाव पुन्हा नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं, त्याचा अर्थ सर्प.

आता आडनाव. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या एका दानपत्रात साक्षीदारांमध्ये 'जॉन दे एल्फिन्स्टन' येतो. हा 'दे' म्हणजे आपला 'कर'. पुण्याचा पुणेकर, तसा हा एल्फिन्स्टनकर. नातवाला एवढं एक वाक्य दिलंत तरी अर्धं काम झालं. गावच्या मालकाला स्कॉट भाषेत 'ऑफ दॅट इल्क' म्हणत, म्हणजे आडनाव जे तेच गाव ज्याच्या ताब्यात आहे असा माणूस. 'एल्फिन्स्टन ऑफ दॅट इल्क' ही त्या घराण्याची ओळख.

एक दंतकथा तुम्हाला वाचायला मिळेल, ती वहीत जाऊ देऊ नका. जर्मनीतल्या हेल्फेनश्टाइन नावाच्या घराण्यातला एक सरदार आला, त्याने रॉबर्ट ब्रूस राजाच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केलं, आणि त्याच्या नावावरून हे आडनाव पडलं, अशी ती आहे. ब्रूस गादीवर बसला १३०६ मध्ये. आपला साक्षीदार जॉन त्याच्या कितीतरी आधी सही-शिक्क्याच्या जगात वावरतोय. मोठ्या घराण्यांना आपला मूळपुरुष परदेशातून आणायला आवडतं, हे सगळीकडे आहे. पण एल्फिनच्या वाडीत कमीपणा काय आहे, मला कळत नाही.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग. पंधराव्या शतकात अलेक्झांडर एल्फिन्स्टन पाइपरडीनच्या लढाईत पडला. मागे एक मुलगी, ॲग्नेस. तिचं लग्न गिल्बर्ट जॉन्स्टोनशी झालं. जमिनीवरून ॲग्नेस आणि तिचा काका हेन्री यांचा दावा लागला, तो बरीच वर्षं चालला. शेवटी तुम्ही पाहिलेलं मूळ गाव ॲग्नेसकडे, म्हणजे जॉन्स्टोनांकडे गेलं. हेन्रीला मिळाली स्टर्लिंगशरमधली जमीन, फोर्थ खाडीच्या काठाने पश्चिमेला, एर्थजवळ. म्हणजे गाव मुलीबरोबर गेलं आणि आडनाव काकाबरोबर. काकाच्या वंशजांनी मग तिकडच्या जहागिरीलाच एल्फिन्स्टन नाव दिलं, तिथे बुरुज बांधला. गाव गेलं तर गावाचं नाव बरोबर नेलं. पुढचे बहुतेक नामवंत एल्फिन्स्टन या दुसऱ्या एल्फिन्स्टनचे. तुम्ही पाटीशी उभ्या होतात ते पहिलं.

त्या पहिल्या गावातही बुरुज होता, पंधराव्या शतकातला, जॉन्स्टोनांच्या ताब्यातला. धर्मसुधारक जॉर्ज विशार्टला १५४६ मध्ये ऑर्मिस्टनला पकडलं तेव्हा आधी त्या बुरुजात ठेवलं होतं, नंतर सेंट अँड्र्यूजला नेऊन जाळलं. त्या परिसरात जमिनीखाली कोळसा. खाणींमुळे जमीन खचली, भिंतींना तडे गेले, आणि १९५५ मध्ये बुरुज उतरवला. आता तळाचा थोडा भाग शिल्लक आहे.

हेन्रीच्या वंशातल्या अलेक्झांडरला १५१० मध्ये लॉर्ड केलं, आणि तीनच वर्षांनी, ९ सप्टेंबर १५१३ ला, तो इंग्लंडविरुद्धच्या फ्लॉडनच्या रणात राजाबरोबर मारला गेला. पानिपताचं नाव काढल्यावर आपल्याकडे जे होतं तेच तिकडे फ्लॉडनने होतं.

आता माझं गाव. ॲबर्डीनचे बिशप विल्यम एल्फिन्स्टन, जन्म १४३१. वडील धर्मगुरू, त्यामुळे त्यांना लग्न करता येत नव्हतं, आणि मुलाला अनौरस म्हणून चर्चमध्ये वर चढायला पोपची खास परवानगी लागली. त्याच मुलाने १४९५ मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरकडून आज्ञापत्र मिळवून इथलं विद्यापीठ काढलं, स्कॉटलंडमधलं तिसरं. आणि ताई, तुम्ही मुद्रितं तपासायच्या म्हणालात म्हणून मुद्दाम सांगतो: स्कॉटलंडमधला पहिला छापखाना या बिशपमुळे उभा राहिला. त्यांना स्कॉटिश संतांच्या कथांसह एक प्रार्थनाग्रंथ छापून हवा होता. राजा चौथ्या जेम्सने १५०७ मध्ये चेपमन आणि मिलर या दोघांना छापण्याचा परवाना दिला, त्यात बिशपच्या या कामाचा उल्लेख आहे. ग्रंथ १५१० पर्यंत छापून झाला. इंग्लंडशी लढू नका असं सांगणाऱ्यांत ते होते. फ्लॉडननंतर वर्षभराने, १५१४ मध्ये ते गेले. कॉलेजच्या चॅपलसमोर त्यांचं ब्राँझचं मोठं स्मारक आहे, मी रोज बसमधून उतरून त्याच्याजवळून जातो.

अठराव्या शतकाचं एकच सांगतो. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी बंड करणाऱ्या जॅकोबाइटांच्या बाजूने लढलेला आर्थर एल्फिन्स्टन, लॉर्ड बामेरिनो, याचा ऑगस्ट १७४६ मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेद झाला. त्याच वर्षी जानेवारीत एर्थकडच्या बुरुजात जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन जन्माला आला होता. तो पुढे त्याच राजसत्तेचा ॲडमिरल झाला, त्याने १७९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतलं केप जिंकलं आणि १८१५ मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवायचा निर्णय त्याच्यामार्फतच कळवला गेला. आपले माउंटस्टुअर्ट, म्हणजे पेशवाई बुडवणारे एल्फिन्स्टन साहेब, या ॲडमिरलचे पुतणे.

---

आजीचा_पास

दादा, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं, मग नातवाला मांडीवर घेऊन तिसऱ्यांदा. 'एल्फिन्स्टनकर' ऐकल्यावर तो लगेच म्हणाला, "मग आपण गोरेगावकर." बरोबरच की.

छापखान्याचं वाचून मी थोडा वेळ गप्प बसले. पहिल्या छापखान्यात पहिलं मुद्रित कोणी तपासलं असेल, हेच डोक्यात येत राहिलं. लॅटिन मजकूर, खिळे नवे, संतांची नावं अवघड. त्या माणसाचे डोळे किती दुखले असतील ते मला कळतं.

आणि ॲग्नेस. मी माहेरचं आडनाव सोडलं त्याला बेचाळीस वर्षं झाली. ॲग्नेसने सोडलं असेल का?

स्टेशनचं मात्र राहिलं.

---

डॉनकाठचा

ॲग्नेसचं छान विचारलंत. स्कॉटलंडमध्ये जुन्या काळी बाई कागदोपत्री आपलं जन्माचं आडनाव सोडत नसे. थडग्यांवरसुद्धा 'अमुकची पत्नी' म्हणून तिचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. जवळच्या कोणत्याही जुन्या चर्चच्या आवारात गेलात तर नातवाला दाखवा, दोन-तीन तरी सापडतील. म्हणून वंशावळीत ती आजही ॲग्नेस एल्फिन्स्टन आहे.

स्टेशनबद्दल: साचेखाते, तुमची समजूत पुष्कळांची असते, पण माणसं दोन आहेत. माउंटस्टुअर्ट, जन्म १७७९ चा, डंबार्टनचा, अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. पुण्याचा रेसिडेंट, नंतर १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. तो निघाला तेव्हा मुंबईच्या लोकांनी वर्गणी काढली, त्यातून पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट आणि कॉलेज झालं. स्टेशन ज्याच्या नावाचं तो त्याचा पुतण्या जॉन, तेरावा लॉर्ड, १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर. आताचं हॉर्निमन सर्कल, आधीचं एल्फिन्स्टन सर्कल, तेही या पुतण्याचंच. काबूलहून १८४२ मध्ये माघार घेताना ज्याचं सैन्य बर्फात संपलं तो जनरल एल्फिन्स्टन माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. एका पिढीत एकाच घरातून इतकी माणसं पूर्वेला आली याचं कारण साधं आहे. वडिलोपार्जित जमीन थोरल्याला, धाकट्यांनी पोट भरायला कंपनीची नोकरी धरायची. एर्थकडची ती दुसरी एल्फिन्स्टन जहागीरही १७५४ मध्ये डनमोरच्या अर्लला विकलेली होती. माउंटस्टुअर्ट जन्मला तेव्हा एल्फिन्स्टनांच्या हातात दोन्हींपैकी एकही एल्फिन्स्टन नव्हतं.

घराणं आजही आहे, लॉर्डपदही चालू आहे. तुमच्या मसलबरोजवळचा कारबेरी टॉवर विसाव्या शतकात सोळाव्या लॉर्डचं घर होतं, त्याची पत्नी म्हणजे राणी एलिझाबेथची सख्खी मावशी. पण आडनावाचे सगळेच लॉर्डांचे वंशज असं समजू नका. गावात राहणारा, शेत कसणारा कुळवाडीही बाहेरगावी गेल्यावर त्याच नावाने ओळखला जाई.

---

मोडीवाला

पुण्यात मोडी कागद वाचतो, म्हणून थोडी भर.

या नावाने आपल्या भाषेत आल्यावर आणखी एक रूप घेतलं. जुन्या मराठी कागदांत साहेब 'अल्पिष्टन' होतो. 'फ'चा 'प' झाला, 'स्ट'चा 'ष्ट' झाला. कारकुनाने चूक केली असं मी म्हणणार नाही, त्याने कानाने ऐकलं आणि जिभेला झेपेल तसं उतरवलं. एडिंबरोचे कारकून तरी काय वेगळं करत होते? तिकडच्या कागदांत या एकाच नावाची ढीगभर वळणं आहेत.

असाच आपला इष्टुर फाकडा. कॅप्टन स्टुअर्ट, जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ मारला गेला, वडगाव मावळला त्याचं थडगं आहे. शत्रूच्या शौर्याला 'फाकडा' म्हणून दाद देणारे आपलेच लोक. स्टुअर्ट हे आडनाव स्कॉटलंडच्या राजाच्या मुख्य कारभाऱ्याच्या हुद्द्यावरून आलं, आपल्या चिटणीस, पोतनीस, फडणीसांसारखं. एल्फिन्स्टननंतर गव्हर्नर झालेला माल्कम, ज्याच्यावरून महाबळेश्वरला माल्कम पेठ, त्याचं नाव गेलिक: सेंट कोलंबाचा मुंडन केलेला सेवक. म्हणजे आपल्या 'दास' लावलेल्या नावांच्या रांगेतला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफमधला 'डफ' म्हणजे गेलिकमध्ये काळा. काळे आडनावाचे वाचक इथे असतील तर त्यांना हा दूरचा भाऊबंद.

एक सांगावंसं वाटतं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरची रेसिडेन्सी जळाली, त्यात माउंटस्टुअर्टची पुस्तकं आणि कागद गेले. त्याच माणसाच्या नावाने निघालेल्या संस्थेत बाळशास्त्री जांभेकरांनी शिकवलं, दादाभाईंनी शिकवलं, डॉ. आंबेडकर शिकले. तो आपल्याला जिंकायला आला होता हे मी विसरत नाही, आणि कॉलेजही विसरत नाही. माझ्या टेबलावर दोन्हींचे कागद असतात.

ताई, नातवाला मोडीत 'अल्पिष्टन' लिहून हवं असेल तर सांगा. बोरूने लिहून फोटो पाठवतो.

---

साचेखाते

माझी समजूत दोन्हीकडे चुकली, दगडही नाही आणि साहेबही तो नाही. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाडी असेल तर बरंच, आपणही चाळीतलेच.

---

आजीचा_पास

मोडीवाले, फोटो मिळाला, फार सुंदर अक्षर आहे. प्रिंट काढून घेतली.

नातवाने पुठ्ठ्यावर असं केलंय: डावीकडे एल्फिनची वाडी, कुंपण घातलेली, आत एक गाय. गायीचं कुठे लिहिलेलं नाही हे मी सांगितलं, पण वाडी आहे म्हणजे गाय असणारच असं त्याचं म्हणणं. मध्ये ॲग्नेस आणि हेन्री पाठीला पाठ लावून. ॲग्नेसच्या हातात गाव, हेन्रीच्या हातात नुसती पाटी. त्याच्या पुढे बिशप छापखान्यासह, मग जहाज, मग 'अल्पिष्टन' मोडीत. शेवटी जागा रिकामी ठेवली होती. तिथे त्याला माझा पास चिकटवायचा आहे.

मी आधी नाही म्हणाले. त्याची झेरॉक्स लाव म्हटलं. मग रात्री पास काढून पाहिला. कोपरे झिजलेत, पण नाव अजून नीट वाचता येतं. तो पूल, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये तिथे जे झालं तो दिवस, माझ्याबरोबर रोज त्या जिन्यावर असणाऱ्या दोघी, सगळं त्या कागदात आहे. सकाळी मी त्याला पास दिला. डिंक लावू नकोस, चार कोपऱ्यांना फोटो लावायचे कागदी कोन लाव, एवढंच सांगितलं.

मंगळवारी शाळेत दाखवायचं आहे. दादा, एर्थच्या बाजूचा तो दुसरा बुरुज रस्त्यावरून दिसतो का? येत्या रविवारी सूनबाई पुन्हा गाडी काढायला तयार आहे.